डांबर लावलेला दिवा

"नाव सांगू नका. तो सोताच सांगन."

कोणी कसलंही भांडं पुढं केलं की त्याचं हे पहिलं बोलणं. मग तो ते भांडं मांडीवर घ्यायचा, डोळे मिटायचा आणि नाक लावायचा. कुत्रं लावतं तसं. लोक हसायचे, त्याला फरक पडत नव्हता. वास घेऊन झाला की नखानं एक टिचकी मारायची, भांडं कानाशी धरायचं आणि आवाज पुरता मरेपर्यंत गप्प बसायचं. तेवढा वेळ समोरच्या माणसालाही खोकायची सोय नव्हती.

साकोलीच्या बाजारात तो कल्हई लावायला बसायचा. भंडाऱ्याहून सकाळच्या एसटीनं यायचा. एक लाकडी पेटी, एक भाता आणि नवसागराचा वास, एवढं त्याच्यासोबत यायचं. पेटी संध्याकाळी चहावाल्याकडे ठेवायची, वास सोबत न्यायचा. त्याचं नाव मी लिहिणार नाही. त्यानं कधी कोणत्या भांड्याचं नाव आधी ऐकून घेतलं नाही, मग मी त्याचं कशाला सांगू. बाजारात सगळे त्याला मिस्त्री म्हणत.

तुम्हीही बाजारात अशी माणसं पाहिली असतील. येता-जाता पाहतो आपण, पण बसून पाहत नाही. मी बसून पाहिलं, कारण माझी बायको त्याच्यापासून दोन जागा सोडून मासळी विकायला बसायची. आम्ही ढिवर. गाव साकोलीजवळ, घर तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावरच. मी मासे धरायचे आणि तिनं विकायचे. टोपलं उतरवून दिलं की मला काम नसायचं. मग मी मिस्त्रीच्या भट्टीजवळ बिडी पेटवायला जायचो आणि तिथंच बसायचो.

एकदा एका बाईनं गंज आणला, दुधाचं उभट पातेलं. त्यानं वास घेतला आणि म्हणाला, "बाई, या गंजात दूध करपलं होतं. लय जुनी गोष्ट आहे."

बाई म्हणाली, "माह्या सासूनं करपवलं होतं. माह्यावर नाव टाकलं तिनं."

"मंग आता सासूले सांगा, मिस्त्रीनं निकाल दिला."

"सासू मेली गा मिस्त्री."

"मंग गंजाले सांगा. त्याले माहीत आहे," तो म्हणाला आणि भाता ओढायला लागला.

जिल्हा फुटला, गोंदिया वेगळा झाला, तेव्हा बाजारात दुसरा विषय नव्हता. कोणी त्याला विचारलं, "मिस्त्री, तुमचे तिकडचे बाजार आता दुसऱ्या जिल्ह्यात गेले. कसं करता?" तो म्हणाला, "जिल्हा फुटला आणि झाळ देऊन सांधाले मले बोलावलं नाही. मी काय करू?" आणि तिकडचेही बाजार करत राहिला.

पण दिव्यांच्या बाबतीत तो हसायचा नाही. भांडं खोटं बोलतं, दिवा बोलत नाही, असं त्याचं मत. दिव्यात मोहाच्या बियांचं तेल जळलं की जवसाचं की घासलेट, हे तो वासावरून सांगायचा. पन्नास वर्षांआधी जळलेलंही सांगायचा. एका माणसानं समई आणली होती, पॉलिशसाठी. मिस्त्रीनं नाक लावलं, बुडाखाली बोट फिरवलं, आणि त्याचा चेहरा पडला.

"हा दिवा रोजचा नाही," तो म्हणाला. "दहाच दिवस जळते आणि मंग बंद होते. घरातलं कोण गेलं?"

त्या माणसाच्या अंगावर काटा आला. मी पाहिला तो काटा. त्याची आई महिन्याआधी गेली होती. तो समई तशीच टाकून चहाच्या टपरीपर्यंत गेला आणि लांबून पाहत राहिला.

नंतर मी मिस्त्रीला विचारलं, "कसं गा समजलं?"

त्यानं बोट दाखवलं. बोटाच्या टोकावर पांढरं होतं. "पीठ. बुडाच्या खाचीत बसलं होतं. माणूस गेलं त्या जागेवर पीठ पसरवतात आन् त्यावर दिवा ठेवतात. देवाचा दिवा पिठावर बसत नाही." मग त्यानं बोट धोतराला पुसलं. "पण आधी वास आला होता, भाऊ. पीठ मंग सापडलं."

तो असा होता. अर्धं समजावून सांगायचा आणि अर्धं तसंच ठेवायचा.

आता माझ्या घरच्या वस्तूची गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय हा माणूस पुरा होत नाही.

माझी बायको बपेऱ्याकडची, बावनथडी नदीच्या काठची. लग्नात तिनं माहेराहून एक पितळेची वस्तू आणली होती. वीतभर उंच. पोट माठासारखं, पण त्याला वरून तोंडच नाही. माथ्यावर धरायला कडी. समोर बदकासारखी चोच, आणि चोच खाली एका वाटीत वाकलेली. वाटीच्या काठाला एक नाळ, बारीक पन्हळीसारखी. ना तांब्या, ना झारी. मी तिला तेव्हाच विचारलं होतं, हे काय आहे. ती म्हणाली, "आईनं देलं." विषय संपला.

एक गोष्ट इथंच सांगून टाकतो. माझा बाप तलावात गेला. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. वारं सुटलं आणि डोंगा परत आला नाही. माझ्या आईनं दहा दिवस पाळीवर दिवा लावला, पाण्याकडे तोंड करून. बाप आला नाही. अकराव्या दिवशी आला, पण तो तसा. तेव्हापासून पाण्यासाठी लावलेला दिवा मला सोसत नव्हता. लग्न झालं त्या आठवड्यातच मी बायकोला सांगून ठेवलं होतं, माझ्या घरात पाण्याकडे दिवा लावायचा नाही. ज्याच्यासाठी लावतात तो येत नाही. तिनं मान हलवली होती. वाद घालायची तिची रीत नव्हती.

जिल्हा फुटल्यावर दोन-तीन वर्षांनी मी एकदा माळ्यावर जुनं जाळं काढायला चढलो. ती पितळेची वस्तू तिथं होती. हातात घेतली तर बूड ओशट. उलटी केली तर बुडाला भोक, त्यात चिंधी कोंबलेली, आणि चिंधीतून तेलासारखं काहीतरी झिरपत होतं. त्या वेळी माझ्या डोंग्याचं डांबर अंगणात चुलीवर तापतच होतं. ढिवराला भोक दिसलं की तो बुजवतो. त्यात विचार करायचं काम नसतं. मी चिंधीवरून दाबून डांबर लावलं, वरून हात फिरवला आणि वस्तू जागेवर ठेवून दिली.

संध्याकाळी तिला सांगितलं. "तुह्या आईच्या भांड्याले भोक होतं. बुजवलं."

ती भाकर थापत होती. हात थांबला. "बुजवलं का?"

"डोंग्यासारखं पक्कं केलं."

"बरं," ती म्हणाली.

एवढंच. त्यानंतर दहा-बारा वर्षं संसार झाला आणि त्या वस्तूवर आम्ही कधी बोललो नाही. फक्त उन्हाळ्यात कधी कधी दुपारी माळ्यावरून आवाज यायचा. गुडूक. कोणी तांब्यातून घोट घेतल्यासारखा. मी म्हणायचो, उंदीर असेल. ती म्हणायची, "उंदीर पाणी पिते का असं?" आणि वर पाहून हसायची.

गेल्या वर्षी वैशाखात ती गेली. ताप आला, तिसऱ्या दिवशी गेली. मला जास्त लिहिता येत नाही त्यावर.

हिवाळाभर घर मुकं होतं. फाल्गुनात ऊन तापलं आणि एका दुपारी मी एकटा पडलो होतो तेव्हा आवाज आला. गुडूक. मी उठून बसलो. बराच वेळ काही नाही. परत गुडूक.

होळीला पोरगी आली, लाखनीला दिली आहे ती. तिनंही ऐकलं. तिचा रंग उडाला. शिडी लावून जावयानं ती वस्तू खाली काढली. आम्ही तिघं तिच्याभोवती बसलो आणि ती वस्तू आमच्या डोळ्यांसमोर प्याली. चोचीखालच्या वाटीत एक बुडबुडा आला आणि फुटला.

"बाबा, आई तहानलेली आहे," पोरगी म्हणाली.

"चूप बस," मी म्हणालो.

शेजारी जमले. एक म्हणाला, ही होळीची पिचकारी. शाळेच्या मास्तरांनी चष्मा वर करून सांगितलं, जुन्या काळचा हुक्का. म्हातारी शेजारीण हातच लावेना. ती म्हणाली, बपेऱ्याच्या तिकडे जंगलातले लोक अशा वस्तूत जीव कोंडतात. जावई आपल्या मोबाईलवर फोटो काढून चार ठिकाणी दाखवून आला. कोणालाच समजलं नाही.

पोरीनं ठरवलं, वर्षश्राद्धाला वस्तू वैनगंगेत सोडायची. जावयानं मान डोलावली. मी म्हणालो, तिची एवढीच एक गोष्ट राहिली आहे. लुगडी वाटून टाकली, मासळी कापायची पावशी मोडली. पोरगी म्हणाली, "काय आहे ते तरी सांगा. नाव सांगा, मी ठेवते." मला नाव सांगता येत नव्हतं. वर्षश्राद्धाला दोन महिने होते.

म्हणून मी ती वस्तू गमछ्यात बांधून साकोलीला नेली.

मिस्त्री तेव्हा पार थकला होता. स्टीलची भांडी आली, कल्हई कोण लावतो. डोळ्यांत मोती पडला होता. मासळीच्या जागेवर आता दुसरीच बाई बसत होती. मी तिकडे पाहिलं नाही.

मी तोंड उघडलं तसा तो म्हणाला, "नाव सांगू नका."

"मले माहीतच नाही."

"मंग काहीच सांगू नका."

त्यानं वस्तू मांडीवर घेतली. नाक लावलं. चोचीला, वाटीला, पोटाला. टिचकी मारली. आवाज आलाच नाही, पोट भरलेल्या माणसाला थापटल्यासारखा ठस्स झाला. त्यानं परत मारली. परत ठस्स. मग मी पहिल्यांदा त्याच्या तोंडून ऐकलं:

"हा सांगून नाही राहिला, भाऊ."

"मंग?"

"वास मोहाच्या तेलाचा आहे. जळलेला आहे. म्हणजे दिवाच आहे. पण असा दिवा मी पाहिला नाही. यात तेल टाकतात कुठून?" त्यानं वस्तू माझ्या हातात दिली आणि हलक्या आवाजात म्हणाला, "याचं तोंड दाबलं आहे कोणंतरी."

मी घरी आलो. त्या आठवड्यात मी वस्तू माळ्यावर ठेवली नाही, खाटेजवळ ठेवली. दुपारी ती प्यायची. मी ऐकत पडायचो. खोटं कशाला लिहू, मी तिच्यासमोर पाण्याचा पेलाही भरून ठेवला होता. पाणी तसंच राहायचं.

पुढचे दोन बाजार मी गेलोच नाही. तिसऱ्याला गेलो. चैत्र संपत आला होता, ऊन अंगावर बसत होतं. मिस्त्रीनं वस्तू मांडीवर घेतली. बाजूला भट्टी पेटलेली. दोन-चार माणसं पाहायला थांबली होती. तो डोळे मिटून बसला आणि थोड्या वेळात त्याच्या मांडीवर ती वस्तू प्याली. गुडूक. मिरच्या विकणारी बाई उठली आणि पोतं ओढत चार हात लांब जाऊन बसली. थांबलेली माणसं मागं सरली.

मिस्त्री मात्र हसला.

"पोटात तेल आहे," तो म्हणाला. "थंडीत मोहाचं तेल गोठते, तुपावाणी. ऊन लागलं की पातळ होते. मंग हवा आत घेते आणि तेल बाहेर देते. प्यावं तसं वाटते. थंडीत चूप राहत असन, नाही?"

"चूप राहते."

"पण तेल गेलं कुठून आत?" त्यानं वस्तू उलटी केली, बुडावर हात फिरवला. हात थांबला. "हे काय आहे? इतकं काळं काहून?"

"डांबर आहे."

"कोणं लावलं?"

"मी."

त्यानं डोळे उघडले. मोती पडलेले डोळे, त्याला मी दिसत नसणार, पण त्यानं माझ्याकडे पाहिलं. "तुमी सांगितलं नाही."

"तुमीच म्हणले काही सांगू नका."

"कायले लावलं?"

"भोक होतं."

"भोक नव्हतं भाऊ ते. तोंड होतं." त्यानं निखाऱ्यावर लोखंडी पट्टी तापवायला ठेवली. "याले उलटं करून तेल पाजतात. बूच लावून सरळ करतात. मंग चोचीतून वाटीत तेल येते आणि चोच बुडली की सोताच थांबते. जेवढं जळलं तेवढंच परत येते. कोणी पाहाले नसलं तरी चालते. सांजेले लावला तर सकाळपर्यंत एकसारखा राहते. कमी नाही, जास्त नाही."

तापलेल्या पट्टीनं त्यानं डांबर मऊ केलं आणि खरवडलं. खाली चिंधी निघाली. हिरव्या लुगड्याची. मी ओळखली. मिस्त्रीनं ती चिंधी नाकाला लावली आणि भट्टीवर राख चढेपर्यंत तिथंच धरून ठेवली.

"वयनीचा आहे हा," तो म्हणाला.

मी मान हलवली. त्याला दिसलं नसेल, पण तो पेटीकडे वळला. पेटीचा वरचा कप्पा काढला, खालचा काढला. तळातून एक चिलमीच्या तंबाखूची डबी काढली. त्यात खिळे, कड्या, मोडकी कुलपं-चाव्या. चाचपून चाचपून त्यानं पितळेचं एक बूच काढलं, बोटाच्या पेराएवढं, वर निमुळतं, घासून चकचकीत केलेलं. ते त्यानं दिव्याच्या बुडाशी नेलं आणि फिरवून दाबलं.

बसलं. केस जाईल एवढीही फट राहिली नाही.

"हे कुठून आलं तुमच्याकडे?" मी विचारलं.

"जिल्हा फुटला त्याच्या मंगची गोष्ट. वयनीनं मेणाचा गोळा आणला होता, त्यावर भोकाचा ठसा. म्हणे, याच्या मापाचं बूच पायजे, चिंधीतून तेल गळते. मी म्हटलं, वस्तू आणा. म्हणे, आणता येत नाही, घरी माणूस रागवन. मी म्हटलं, कशाचं बूच आहे ते तरी सांगा. तर मलेच म्हणते, नाव सांगू नका असं तुमीच म्हणता ना मिस्त्री." तो जरा हसला. "पुढच्या बाजाराले बूच तयार होतं. वयनी आली आणि म्हणे, राहू द्या आता. माह्या माणसानं बुजवलं."

"अजून काय म्हणाली?"

त्यानं भाता दोनदा ओढला.

"म्हणे, बरंच झालं. आता माणूस अंधाराच्या आधी घरी येते."

आता तुम्हाला सांगतो मला काय झालं ते. मी संध्याकाळी जाळं टाकायला तलावात जायचो. परतताना अंधार पडायचा. पाळीवर आमच्या घराच्या बाजूला एक उजेड दिसायचा, बारीक, पण एकसारखा. वाऱ्यानं हलला तरी कमी व्हायचा नाही. त्या उजेडावर मी डोंगा आणायचो. वर्षानुवर्षं. मला वाटायचं, शेजारी तलावाच्या चौकीदाराची खोली आहे, त्याचा कंदील असेल. मग एका वर्षी तो उजेड बंद झाला. मी चौकीदाराला हटकलं होतं, "काहून गा, कंदील लावत नाही आता? आळशी झाला का?" तो म्हणाला, "मी कधी लावत होतो?" मी त्याला खोटारडा म्हणालो. उजेड नाही म्हटल्यावर मी दिवस असताना परतायला लागलो.

घरी कधी दिवा का दिसला नाही मला? डोंगा काठाला लागला की ठक् असा आवाज होतो. मागच्या खिडकीपर्यंत ऐकू येतो. तिला फुंकर मारून तो माळ्यावर ठेवायला तेवढा वेळ पुरत असेल. मी हातपाय धुऊन आत यायचो तेव्हा ती चुलीपुढे असायची.

ज्या उजेडावर मी घरी आलो, तो मीच माझ्या हातानं बुजवला. डांबर लावून, पक्का.

मिस्त्रीनं दिवा गमछ्यात बांधून दिला. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, "लावाल तेव्हा मले बोलवा. मी असा दिवा पाहिला नाही. आता दिसत नाही, पण ऐकन तरी."

वर्षश्राद्धाच्या दिवशी तो दुपारच्या एसटीनं आला. पोरगी आणि जावई टोपली तयार ठेवून बसले होते, नदीवर जायला. मी म्हणालो, "नाव समजलं. दिवा आहे. तुह्या आईचा." पोरीनं टोपली बाजूला ठेवली. मिस्त्रीनं दिवा उलटा धरला, मी तेल ओतलं, त्यानं बूच फिरवलं. सरळ केला. चोचीतून तेल आलं, वाटी भरली आणि आपोआप थांबलं. दिवस बुडताना पोरीनंच वात लावली आणि मागच्या खिडकीत ठेवली.

बऱ्याच वेळानं आला आवाज. गुडूक.

मिस्त्रीचा चेहरा तेव्हा पाहायला पाहिजे होता तुम्ही. लेकरू पहिल्यांदा हसल्यावर माणूस जसा पाहतो, तसा तो भिंतीकडे पाहत होता.

"पिऊन राहिला," तो म्हणाला.

पोरगी रडायला लागली, पण ते भ्यायलेलं रडणं नव्हतं.

मग मिस्त्री म्हणाला, "भाऊ, मले पाण्यात न्या." मी त्याला हात धरून डोंग्यात बसवलं. तलावाच्या मधात नेलं. तो डोंग्याच्या दोन्ही कडा धरून बसला होता, जन्मात पहिल्यांदा पाण्यात बसल्यासारखा. मी वळून पाहिलं. खिडकीत उजेड होता. बारीक, एकसारखा.

"दिसते का?" त्यानं विचारलं.

"दिसते."

"हलते का?"

"हलते. कमी होत नाही."

"मंग ठीक आहे," तो म्हणाला. रात्री आमच्याकडेच जेवला आणि सकाळच्या गाडीनं भंडाऱ्याला गेला. जाताना दिव्याला परत एकदा नाक लावून गेला.

दिवा माझ्याकडे राहिला. तलावात जायच्या दिवशी मी तो लावून जातो. आता कोण रागावणार.

पोळ्याच्या पुढच्या आठवड्यातली गोष्ट आहे. त्या दिवशी मी दिवा लावला नव्हता. तेल संपलं होतं, आणायचं राहिलं होतं. दाराला कुलूप लावून किल्ली करगोट्याला बांधली आणि जाळं काढायला गेलो. जाळं लव्हाळ्यात अडकलं, सोडवता सोडवता अंधार पडला. मी डोंगा वळवला आणि खिडकीत उजेड होता.

मी दारू पीत नाही. डोळे माझे चांगले आहेत. मी किल्लीला हात लावून पाहिला, होती. चौकीदाराची खोली कधीची पडून गेली, तिथं आता भिंतही नाही. मी वल्हं थांबवलं तरी उजेड तिथंच. हलत होता, कमी होत नव्हता. मी सरळ त्याच्यावर डोंगा आणला. ठक् झालं, आणि उजेड गेला.

कुलूप तसंच होतं. उघडलं. आत अंधार. मागच्या खिडकीत दिवा, वाटी कोरडी, बूच घट्ट. मी वाटीला बोट लावलं. गरम होतं की माझंच बोट थंड होतं, सांगता येत नाही.

मी अंधारात उभा राहून म्हणालो, "आलो."

दुसऱ्या दिवशी बाजार होता. दिवा गमछ्यात बांधला आणि साकोलीला गेलो. म्हटलं, मिस्त्री वास घेईल आणि सांगेल, काल यात काय जळलं ते. दुसऱ्या कोणाला विचारायची ही गोष्ट नाही.

त्याची जागा रिकामी होती. भट्टीच्या जागेवर काळा गोल डाग, त्यावर कोणी कांद्याचं पोतं ठेवलेलं. चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, मिस्त्री तीन बाजारांपासून आला नाही. मागच्या बाजाराला भंडाऱ्याहून एक माणूस येऊन पेटी घेऊन गेला. काय झालं ते त्या माणसानं सांगितलं नाही, आणि यानं विचारलं नाही.

"तुमी तरी विचारायचं होतं," मी म्हणालो.

"तो रडत होता गा काका," चहावाला म्हणाला. "कसं विचारू?"

मी कांद्याचं पोतं बाजूला सरकवलं. कांदेवाल्यानं तोंड वाकडं केलं, पण म्हाताऱ्याला काही बोलला नाही. मी त्या काळ्या डागावर मांडी घालून बसलो. दिवा सोडला, मांडीवर घेतला. डोळे मिटले आणि वाटीला नाक लावलं, तो लावायचा तसं. दोन-चार माणसं पाहायला थांबली. कोणी हसलंही. मिरच्यावाल्या बाईनं विचारलं, "कायचा वास येते गा बाबा?"

मी टिचकी मारली, दिवा कानाशी धरला आणि आवाज पुरता मरेपर्यंत थांबलो.

कशाचा वास आला ते मी तिला सांगितलं नाही. तुम्हालाही सांगणार नाही. दिवा माझ्याकडे आहे. कधी आलात तर मांडीवर देतो.